पंचविशीनंतर बदल नाही

३ जानेवारी

यंदा डायरी वर्षभर लिहायची. गेल्या वर्षीची दुसऱ्याच आठवड्यात थांबली, पण ती कामाच्या ताणामुळे. माझ्यात सातत्य आहे. परिस्थितीत नाही.

आज मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मोठे साहेब म्हणजे आमचे संचालक. मे महिन्यात इथे परिषद आहे, दोन्ही शेजारी देशांच्या सांख्यिकी खात्यांची माणसं येणार. मुख्य पेपर मी वाचायचा. विषय: तिन्ही देशांतल्या स्त्रियांचं प्राथमिक शिक्षण, पुढच्या पन्नास वर्षांचा अंदाज, तुलनेसह. साहेब जूनमध्ये रिटायर होतात. मी सहज विचारलं, पेपर उत्तम झाला तर? ते म्हणाले, बघू या. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आहेत. त्यांचं 'बघू या' म्हणजे शब्दच.

जेवताना बायकोला सांगितलं. तिने विचारलं, अंदाज म्हणजे नक्की काय करणार? सोपं करून सांगितलं की, प्राथमिक शाळा पुरी केलेल्या बायका पन्नास वर्षांनी किती असतील आणि न केलेल्या किती. ती म्हणाली, म्हणजे माझ्यासारख्या किती उरतील ते. आणि उठून दूध बघायला गेली. बायकांचं लक्ष एका जागी टिकत नाही.

१५ जानेवारी

कामाला जोरात सुरुवात. पूर्वेचा शेजारी आपल्याबरोबरीचाच आहे, त्याची चिंता नाही. डोंगरापलीकडचा शेजारी मात्र पहिल्यापासून मागे. रस्ते नाहीत, शाळांना छप्पर नाही. आमच्या खात्यात जुनी म्हणच आहे: आपले आकडे फार वाईट आले की डोंगरापलीकडे बघावं, बरं वाटतं.

मदतीला नवी विश्लेषक दिली आहे. लहानखुरी, मान खाली घालून दिवसभर काम. मी तिचं नाव मुंगी ठेवलं. ऑफिसात सगळे हसले. ती हसली नाही. विनोदबुद्धी कमी. मॉडेल ती चालवते, मार्गदर्शन माझं. मार्गदर्शन म्हणजे मी तिच्या खुर्चीमागे उभा राहतो.

२९ जानेवारी

धक्का. मुंगीने तिन्ही देशांच्या रेघा काढून आणल्या. डोंगरापलीकडची रेघ चढत चढत जाते आणि मधेच आपल्या रेघेला कापून वर निघून जाते! म्हटलं पुन्हा चालव. पुन्हा तेच. कॉम्प्युटर बंद करून चालू करायला लावला. तरी तेच.

तिने कारण सांगितलं. त्यांच्याकडे म्हणे मोठ्या वयाच्या बायका झुंडीने प्राथमिकच्या परीक्षेला बसतात. चाळिशीच्या, पन्नाशीच्या, नातवंडं असलेल्या. म्हणून रेघ चढते. तिला शांतपणे समजावलं की, आपल्या मॉडेलचं गृहीतक आहे: पंचविशीनंतर माणसाचं शिक्षण बदलत नाही. जे शिकायचं ते शिकून झालेलं असतं. उरलेलं आयुष्य ते वापरायचं असतं. ती म्हणाली, पण सर, तिथे बदललंय, आकडे समोर आहेत. मी म्हटलं, आकडे समोर असतात, अनुभव मागे उभा असतो. (छान वाक्य. पेपरमध्ये घ्यावं.)

म्हाताऱ्या बायका काढून टाकायला लावल्या. रेघ निमूट खाली आली. संध्याकाळचा चहा गोड लागला.

१० फेब्रुवारी

अंगात कणकण म्हणून दुपारीच घरी आलो, तर दाराला कुलूप. किल्ली बायकोकडे. पायरीवर बसून राहिलो, माझ्या हुद्द्याचा माणूस. शेजारीण म्हणाली, अहो, त्या रोज या वेळी लायब्ररीत असतात, तुम्हाला ठाऊक नाही? म्हटलं, ठाऊक आहे तर. मीच पाठवतो.

थोड्या वेळाने आली. खांद्याला कापडी पिशवी, त्यात पाटी-पुस्तक! विचारलं, हे काय? तर लायब्ररीच्या मागच्या खोलीत एक रिटायर्ड मास्तरीणबाई बायकांचा वर्ग घेतात. मे महिन्यात प्राथमिकची परीक्षा. सूतगिरणीच्या पाळणाघरात बायका हव्या आहेत आणि प्राथमिक पासची अट आहे, म्हणून ही बसणार.

मी इतका हसलो की घाम फुटून ताप उतरला. मग जवळ बसवून प्रेमाने समजावलं की, तुझी पन्नाशी उलटली, पंचविशीनंतर शिक्षणात बदल होत नाही. तिने विचारलं, हे कोणी ठरवलं? म्हटलं, आम्ही. ती म्हणाली, आम्ही म्हणजे कोण? म्हटलं, शास्त्र. तिने पाण्याचा पेला आणि गोळी पुढे केली.

इथे एक लिहून ठेवतो, कारण हे कोणाला सांगत नाही. बायको तिसरीपर्यंत शिकली. पुढे धाकटा भाऊ झाला, त्याला सांभाळायला घरी ठेवलं. लग्नानंतर मी तिला ही उणीव एकदाही जाणवू दिली नाही. उलट ऑफिसात ती एम.ए. आहे. साहेबांनी एकदा विचारलं, विषय कोणता? म्हटलं, इतिहास. त्यावर पुढे कोणी काही विचारत नाही. किती नवरे बायकोला असं फुकटात एम.ए. करतात?

६ मार्च

घरात वाचन करणं अशक्य झालं आहे. मी पेपर घेऊन बसलो की स्वयंपाकघरातून सुरू. क ला ष, क्ष. ज ला ञ, ज्ञ. मोठ्याने वाचायला बंदी केली. आता ती ओठ हलवून वाचते. तेही डोळ्यांत खुपतं. बाथरूममध्ये जाऊन वाच म्हटलं. ऐकलं बिचारीने, पण बाथरूममध्ये आवाज घुमतो. शेजारणीने विचारलं, तुमच्याकडे कोणाला उचकी लागली आहे का?

संकल्प: रागवायचं नाही. परीक्षेत नापास झाली की आपोआप थांबेल. नैसर्गिक गळती म्हणतात ती हीच. माझ्या पेपरात तिचं वेगळं कोष्टक आहे.

१९ मार्च

तिने स्वतःहून अपूर्णांक विचारले. मन मोकळं ठेवून बसलो. मूळ तत्त्वापासून सुरुवात केली, संख्येचा इतिहास सांगितला, शून्यावर आलो. अपूर्णांकांपर्यंत पोचण्याआधी ती म्हणाली, राहू द्या, मास्तरीणबाई कागदाची घडी घालून दाखवतात ते मला कळतं. पालथ्या घड्यावर पाणी. शितावरून भाताची परीक्षा, यालाच आम्ही सॅम्पलिंग म्हणतो. माझा अंदाज: नापास. खात्रीची पातळी अत्यंत उच्च.

३ एप्रिल

पेपर तयार. लेखक म्हणून फक्त माझं नाव. मुंगीचा उल्लेख शेवटी, 'तांत्रिक साहाय्य' असा, आणि तोही मोठ्या मनाने. तिने विचारलं, सर, मोठ्या बायका काढून टाकल्याचं कुठे लिहिलेलं नाही? म्हटलं, सगळं लिहिलं तर वाचायचं कोणी? ती म्हणाली, प्रश्न आला तर? म्हटलं, प्रश्न आला तर मी आहे. ती कागद गोळा करून जागेवर गेली. तिला माझ्याबद्दल आदर वाटू लागला असावा.

लेकीला फोन केला. दुसऱ्या शहरात असते, नवरा आणि लहान मूल. तिला संचालकपदाचं सांगितलं. ती म्हणाली, बरं, आईचा अभ्यास कसा चाललाय? म्हणजे हिला माहीत! मला सोडून सगळ्यांना माहीत. म्हटलं, उत्तम चाललाय, मीच शिकवतोय.

२० एप्रिल

साहेब म्हणाले, परिषदेच्या आदल्या दिवशी डोंगरापलीकडच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख बाईंना कोणाच्या तरी घरी जेवायला बोलवावं, हॉटेलात कोरडं वाटतं. कोणाच्या तरी, असं म्हणून ते माझ्याकडे बघत होते. (खिडकीकडे बघत असतील, पण खिडकी माझ्या मागे होती.) मी लगेच हात वर केला.

घरी सांगितलं. जेवण नऊ मे, परिषद दहा. बायको म्हणाली, तेरा मेला माझी परीक्षा आहे, शेवटचे दिवस उजळणीचे आहेत, जेवण बाहेरून मागवू या का? म्हटलं, एका बाजूला घराचं भवितव्य, दुसऱ्या बाजूला एक कागद. तू सुज्ञ आहेस, तूच ठरव. तिने ठरवायच्या आत मी भाज्यांची नावं सांगायला सुरुवात केली.

९ मे

पाहुण्या बाई वयस्कर, आपली भाषा बोलता येते, वाचता येत नाही, पायात खेळायचे बूट, हसल्या की भिंतीवरचं घड्याळ हलतं. सोबत साहेब आणि साहेबांची मिसेस. मुंगीला बोलावलं नाही. जागा कमी होती आणि हुद्दाही.

सूपच्या वेळी पाहुण्या बाईंनी बायकोला विचारलं, तुमचं शिक्षण काय? बायकोने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, एम.ए., इतिहास. पाहुण्या बाई खुर्चीतून जवळजवळ उठल्याच. त्याही इतिहासाच्या! कोणता कालखंड तुमचा? बायको माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, सगळा.

सावरलं होतं. पण मग त्यांनी भेटवस्तू काढली. लाकडी पाटी, त्यावर आपल्या भाषेत एक ओळ कोरून आणलेली. म्हणाल्या, कारागिराला ही भाषा येत नाही, चुकलं तर नाही ना, तुम्हीच वाचून दाखवा. बायकोने ओले हात पुसले. पाटी दिव्याखाली धरली. आणि वाचायला लागली. शे. जा. ऱ्या. ऱ्याशी थोडी अडकली, मागे गेली, परत आली. शेजाऱ्याच्या. दि. व्या. दिव्याने. साहेबांच्या मिसेस ताटातली भाजी मोजायला लागल्या. साहेब छताकडे. मी हसून म्हटलं, चष्मा विसरली ही. चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. तिने मान वर न करता पुढे वाचलं, आपलंही, अंगण, उजळतं. 'उजळतं' एका दमात म्हणाली.

पाहुण्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. परदेशी लोकांची रीत. मग भांडी आत न्यायच्या निमित्ताने त्या बायकोबरोबर स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत. आतून हसण्याचे आवाज. मी साहेबांशी हवामानावर बोललो.

सगळे गेल्यावर विचारलं, कसली एवढी हसत होतीस, माझी लाज गेली इथे. ती म्हणाली, मी शेवटपर्यंत वाचलं. म्हटलं, हो, सगळ्यांनी पाहिलं. ती म्हणाली, हो ना. आणि खूश दिसली. या बाईला लाज शिकवणंही आता वयामुळे अवघड.

१० मे, दुपारी

पेपर भव्य झाला. निदान मध्यापर्यंत. आवाज खणखणीत. 'अनुभव मागे उभा असतो' या वाक्याला मी थांबलोही होतो, टाळ्यांसाठी.

मग रेघा पडद्यावर आल्या. पाहुण्या बाईंनी हात वर केला. आमची रेघ इथे अशी आडवी का झोपली आहे? मी म्हटलं, उत्तम प्रश्न. त्या म्हणाल्या, उत्तर? आता एवढ्या सभेत गृहीतकाच्या खोलात शिरणं सभ्यपणाचं नव्हतं. मी म्हटलं, आकडेमोड तांत्रिक साहाय्यकांनी केली आहे, काही चूक झाली असेल तर त्यांच्याकडून झाली असेल, तरुण आहेत, मी रागावणार नाही.

मुंगी मागच्या रांगेतून उठली. म्हणाली, दोन्ही प्रकारे चालवून पाहिलं होतं, पहिलं दाखवू का? साहेब म्हणाले, दाखवा. या मुलीने पहिल्या रेघा पडद्यावर टाकल्या. डोंगरापलीकडची रेघ आपल्या नाकावर टिच्चून वर गेली. तिकडचे सगळे टाळ्या वाजवायला लागले. आपल्यातलेही काही. नावं लक्षात ठेवली आहेत.

एवढ्यावर थांबलं असतं. पण पाहुण्या बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आमची रेघ चढते ती आमच्या मोठ्या बायकांमुळे, ज्यांना तुम्ही पंचविशीत गोठवून ठेवलंत. माझी आई साठाव्या वर्षी पास झाली. आणि कशाला, काल या सरांच्याच मिसेसनी मला सांगितलं, त्या गुरुवारी प्राथमिकच्या परीक्षेला बसताहेत. मग साहेबांकडे वळून अगदी निरागसपणे म्हणाल्या, एम.ए. झाल्यावर प्राथमिकची परीक्षा देणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

सभागृह इतकं हसलं की दुभाष्याला हेडफोन काढावे लागले. पूर्वेचे लोक जरा उशिरा हसले, भाषांतर पोचल्यावर. म्हणजे मला दोनदा ऐकावं लागलं.

१० मे, संध्याकाळी

शांतपणे विचार केला. राग अजिबात नाही. प्रश्न फक्त बायकोच्या भल्याचा आहे. आता सगळ्या खात्याला माहीत झालंय. नापास झाली तर तिला केवढा धक्का बसेल. पास झाली तर लोक माझ्याकडे बघून काय म्हणतील, आणि त्याचा तिला किती त्रास होईल. दोन्हीकडून तिचंच नुकसान.

ती बाजारात गेल्यावर मास्तरीणबाईंना फोन केला. सांगितलं, बायकोची प्रकृती ठीक नाही, या वर्षी बसणार नाही, नाव कमी करा. त्या म्हणाल्या, वर्गातली सगळ्यात तयार बाई आहे ती, तिला फोन देता का? म्हटलं, बोलवत नाही तिला, इथेच उभी आहे, मान डोलावते आहे. त्या म्हणाल्या, जागा मोजक्या आहेत, एक बाई वाट बघत थांबली आहे, तिला देऊन टाकली तर परत मिळायची नाही. म्हटलं, द्या. एका गरजू स्त्रीचं शिक्षण माझ्यामुळे पुढे गेलं, असंही याकडे बघता येईल.

१३ मे

पोटाचं निमित्त सांगून घरीच. बायको लवकर उठली होती. इस्त्रीचे कपडे, दोन पेन, पाण्याची बाटली. निघताना दारात जरा घुटमळली. मी शुभेच्छा दिल्या. माणसाने उमदं असावं.

तासाभरात परत आली. दारात उभी राहिली. चपला काढल्या. पेनं काढून कपाटावर ठेवली, सरळ रेषेत. आत गेली. जेवण वेळेवर. मीठ बरोबर. म्हणजे मनाला लावून घेतलेलं नाही.

वाढताना एवढंच म्हणाली, मास्तरीणबाई सांगत होत्या, मी म्हणे तुमच्या शेजारी उभी राहून मान डोलावत होते. म्हटलं, त्यांचं वय झालं, ऐकण्यात काहीतरी घोटाळा झाला असेल. हो की नाही? तिने मान डोलावली.

म्हणजे आता तर ते वाक्यही खरं झालं.

२ जून

साहेबांचा निरोप समारंभ. भाषणात त्यांनी माझा उल्लेख केला नाही. फार जवळच्या माणसाचा उल्लेख करताना माणसाला भरून येतं, म्हणून टाळलं असेल.

संचालक बाहेरून येणार. ठीक. बाहेरच्याला आतल्याची गरज लागतेच. आमच्या विभागाची प्रमुख मुंगी झाली. तेही ठीक. तरुणांना संधी द्यावी, मी नेहमी म्हणतो. माझ्याकडे विशेष जबाबदारी: तळघरातले जुने तक्ते. स्वतंत्र खोली, स्वतंत्र पंखा. पंखा बसवायचा आहे. नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणणाऱ्यांतला मी नाही, पण तळघराची जमीन खरंच वाकडी आहे. टेबलाखाली पुठ्ठा घालावा लागला.

११ जुलै

घरात शांतता आहे. बायको बोलते, पण कामापुरतं. चहा ठेवलाय. वीज गेलीय. तुमचा फोन. इतकं नेमकं बोलणारी बाई विरळा. मागची तीस वर्षं हेच सांगत होतो.

पाटी तिने स्वयंपाकघरात लावली होती, ती मी काढून माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी परत भिंतीवर. पुन्हा काढली नाही. छोट्या गोष्टींत मी लक्ष घालत नाही.

२६ जुलै

बायको लेकीकडे गेली. नातवाला सांभाळायला, महिना-दोन महिने. बॅग उचलायला गेलो तर जड. विचारलं, दगड भरलेस का? म्हणाली, पुस्तकं. म्हटलं, मुलाला इतक्या लवकर वाचायला कशाला लावता. ती म्हणाली, हं. बस सुटताना मी हात हलवला. ती काचेवर बोट ठेवून बाहेरच्या दुकानाची पाटी वाचत होती. पूर्ण होईपर्यंत बस वळलीसुद्धा.

संकल्प: या एकांताचा उपयोग करायचा. मोठा ग्रंथ लिहायचा. रोज पाच पानं. सकाळी चालणं. स्वतःचा स्वयंपाक, जो मला मुळात येतो, कधी करावा लागला नाही इतकंच.

१४ ऑगस्ट

ग्रंथाची अर्पणपत्रिका तयार. अर्पण कोणाला ते ठरायचं आहे. भांडी घासायला गेलो तर घासणी कुठे असते ते सापडेना. बायकोला फोन केला. लेकीने उचलला. म्हणाली, बाबा, आई अभ्यास करतेय, नंतर करा. म्हटलं, कसला अभ्यास? ती म्हणाली, इथे सप्टेंबरमध्ये परीक्षा आहे, आणि इथे कोणी तिचं नाव कमी करणार नाही. मी म्हटलं, गैरसमज झालाय तुझा. तिने फोन ठेवला नाही.  शेवटी मीच ठेवला. म्हणजे शेवटचा शब्द माझाच.

घासणी मोरीखाली होती.

३० सप्टेंबर

तळघरात पहिल्यांदाच कोणीतरी आलं. मुंगी. आता मॅडम म्हणावं लागतं. पेपर दुरुस्त करून पुन्हा छापताहेत, तिच्या नावाने. विचारायला आली होती, 'तांत्रिक साहाय्य'मध्ये तुमचं नाव घालू का? तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. म्हटलं, जशी तुमची इच्छा. ती म्हणाली, मग राहू देते.

हिला विनोदबुद्धी नाही असं मी लिहिलं होतं. आहे.

२२ ऑक्टोबर

लेकीचा फोन. आई पास झाली. चांगल्या मार्कांनी, निकाल म्हणे गेल्या महिन्यातच लागला. मी म्हटलं, मला खात्रीच होती. आता कधी येतेय? लेक म्हणाली, बाबा, ती येऊन तीन आठवडे झाले. तुमच्याच शहरात आहे. गिरणीच्या पाळणाघरात लागली, मास्तरीणबाईंकडे एक खोली आहे तिथे राहते. म्हटलं, ते मला माहीत आहे. लेक म्हणाली, कसं? म्हटलं, शहर लहान आहे, दिसते अधूनमधून.

तीन आठवडे. त्याच भाजीबाजारात येत असणार. मीही रोज जातो. दिसली कशी नाही?

३ नोव्हेंबर

दूधवाल्याने विचारलं, ताई कशा आहेत? म्हटलं, मजेत, नोकरी करते, माझाच आग्रह होता. म्हणाला, काल भेटल्या होत्या, बिलावर स्वतः सही केली झोकात. मी ओशाळलो नाही. दूध अर्धा लीटर कमी करायला सांगितलं. तो म्हणाला, ते त्यांनी केव्हाच सांगून ठेवलंय.

१८ नोव्हेंबर

आज ऑफिसातून अर्धी रजा घेऊन पाळणाघरात गेलो. तिला परत आणायचं. सगळी तयारी केली होती. मुद्दे पाठ: घर, समाज, माझी तब्येत, तिची तब्येत, आणि शेवटी मोठ्या मनाने माफी. म्हणजे तिला मी माफ करतो ही. नवा शर्ट घातला.

फाटकावरच्या बाईने आत सोडलं नाही. कोण पाहिजे? नाव सांगितलं. ती म्हणाली, मोठ्या बाई का? थांबा. मोठ्या बाई! इथे येऊन दोन महिने नाहीत.

ती बाहेर आली. कडेवर एक मूल, दुसरं पदराला धरून. वजन जरा कमी झालंय, चेहरा बरा दिसतो. मी म्हटलं, पहिला मुद्दा असा की. तिने ओठांवर बोट ठेवलं. म्हणाली, मुलांची झोपायची वेळ आहे, हळू बोला. मी हळू बोललो. घराचं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं, जसं ती नेहमी ऐकते. मग कडेवरच्या मुलाने माझ्याकडे बोट करून विचारलं, हे कोण?

ती त्याला म्हणाली, कोणी नाही रे, ऑफिसातले साहेब आहेत, चुकून इकडे आलेत.

रागाने म्हणाली असती तर उत्तर तयार होतं. पण ती त्याच्या नाकाचा शेंबूड पुसत सहज म्हणाली. मला म्हणाली, सावकाश जा. आणि दार आतून लावलं.

चार मुद्दे राहिले होते. मी ते बंद दारापुढे हळू आवाजात मांडले. माफीच्या मुद्द्यापाशी आलो तेव्हा माफी कोणाची होती ते काही आठवेना. फाटकावरची बाई स्टुलावरून बघत होती. म्हणाली, साहेब, जरा अजून हळू, मुलं झोपली असतील.